बारातांगच्या वाटेवरचा मोबाईल

सेल्युलर जेल, हॅवलॉकचा राधानगर किनारा, सगळं झकास झालं आणि त्यावर पुष्कळांनी लिहून ठेवलंय. मला लिहायचंय ते अंदमानातल्याच बारातांग बेटाच्या रस्त्याबद्दल, कारण तिथला राग अजून उतरलेला नाही.

पोर्ट ब्लेअरहून मध्यरात्रीच उठवून गाडीत बसवतात. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांची रांग लागते, कागद तपासतात आणि मग पोलिसांच्या सोबतीने ताफा सुटतो. पुढचे जवळजवळ 49 किलोमीटर जारवा या इथल्या आदिवासींच्या राखीव जंगलातून. थांबायचं नाही, ओव्हरटेक करायचं नाही, खायला काही द्यायचं नाही, फोटो तर अजिबात नाही. आमच्या ड्रायव्हरने हे दोनदा बजावलं. मागच्या सीटवरच्या एका काकांनी ‘हो हो’ म्हणत मोबाईल मांडीवर तयार ठेवला.

एका वळणावर कडेवर मूल घेतलेली एक बाई दिसली, शेजारी सात-आठ वर्षांचा मुलगा. ‘आले, आले!’ अख्खी गाडी डावीकडे कलली. काकांचा मोबाईल पडद्याच्या फटीतून काचेला चिकटलेला.

‘काका, बंद करा ना.’

‘अहो, फक्त घरच्यांना दाखवायचंय.’

तेवढ्यात ड्रायव्हर आरशातून ओरडला, ‘मोबाईल अंदर रखो! केस हुआ तो गाडी मेरी अटकेगी!’ मोबाईल खाली आला. माझ्या बोलण्याने नव्हे, त्याच्या ओरडण्याने. ‘एवढं काय त्यात,’ हे पुटपुटणं मात्र बारातांगपर्यंत चालू होतं.

मीही अनोळखी माणसांचे फोटो काढते. कॅमेरा खाली ठेवून आधी नजरानजर करते, समोरच्याने मान हलवली तरच उचलते. मूल असेल तर आईला विचारते. ती नको म्हणाली की विषय संपला. धावत्या गाडीच्या बंद काचेतून यातलं काय जमणार? तो मुलगा आमच्याकडे टक लावून बघत होता, पण बघतोय म्हणजे त्याला चालतंय असं कुठे आहे?

2012 च्या जानेवारीत जारवा बायकांना खाण्याच्या बदल्यात नाचायला लावल्याचा व्हिडिओ एका ब्रिटिश वृत्तपत्राने बाहेर काढला, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! त्याच्याही आधी, 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा पट्टा बंद करायला सांगितलं होतं. रस्ता सुरूच राहिला आणि त्यावरून आम्हीही गेलोच. 2011 च्या जनगणनेत जारवा होते 380. आमच्या ताफ्यातच बहुधा त्याहून जास्त माणसं असतील.

खारफुटीतली बोट सुंदर, चुनखडीच्या गुहा ठीक, उकाडा भयंकर.

संध्याकाळी टूरवाल्याचा फोन. ‘मॅडम, दिसले का?’ ताडोबाहून आलेल्याला वाघाचं विचारतात, अगदी तस्सं.

‘गुहा दिसल्या.’

‘गुहा नाही हो, जारवा! पुढच्या वेळी सांगा, खिडकीची सीट देतो.’

त्याला म्हटलं, सीट राहू दे, पुढच्या ग्रुपलाही हाच ड्रायव्हर द्या.