काठ

एप्रिलातल्या अवकाळी पावसाने आमच्या गाडीची मागची सीट भिजवली. काचा बंद, दारं बंद, आणि सीटचा नेमका एकच कोपरा ओला. बोट फिरवत फिरवत चोर सापडला. मागच्या दाराच्या पलीकडे, डिकीच्या अंगाला, ती कधीच न उघडणारी तिकोनी काच असते ना, तिच्या भोवतीचा काळा काठ खालच्या टोकाला तडकून ओठासारखा उलटला होता. दहा उन्हाळे उघड्यावर काढलेली गाडी. ज्या गावात पारा 47 च्याही वर जाऊन आलाय, तिथे त्या काठाने तरी किती सोसावं!

रबर बदलून घेऊ म्हणून सक्करदऱ्याला एका काचवाल्याकडे गेलो. त्याने लांबूनच पाहिलं.

"भाऊ, याचं रबर अलग नाही भेटत. काचेसंगच येते."

"पण काच तर चांगली आहे ना!"

"आहे ना. पण काठासाठी पूर्णच घ्या लागते."

मला एकदम बाबांची पद्मिनी आठवली. तिची पुढची काच बसवताना मी शेजारी उभा होतो. काचेला आधी रबर चढवलं, रबराच्या खाचेत चहूबाजूंनी सुतळी घातली आणि सुतळीची दोन्ही टोकं गाडीच्या आत सोडली. मग साबणाचं पाणी. एक जण बाहेरून तळहाताने काच दाबतोय, दुसरा आत बसून सुतळी हळूहळू ओढतोय, आणि जिथून सुतळी निघेल तिथे रबराचा ओठ पत्र्यावर चढून बसतोय. शेवटी सुतळी हातात, काच जागेवर. रबर वाळलं की रबरच बदलायचं, काच तीच.

आता ती गंमत गेली. काचवाल्याने जुना तुकडा काढून हातात दिला तेव्हा नीट पाहिलं, तर जोड असा कुठे नाहीच. काच साच्यात ठेवतात आणि तिच्या कडेने वितळलेलं प्लास्टिक सोडतात. निवलं की काठ काचेला धरूनच जन्मतो. बसवायच्या क्लिपाही त्यातच. कारखान्यात एक तुकडा उचलायचा, ठक्‌ करून बसवायचा. वारा शिट्टी वाजवत नाही, काच पत्र्याशी सपाट दिसते. सोय आहे, नाही म्हणत नाही. यातही क्रम आहे: काच आधी सहाशे अंशांच्या वर तापवून गार हवेच्या झोताने कडक करतात, काठ त्यानंतर. उलट केलं तर काठाची राखच. आणि एकदा कडक झालेली काच कापायला जाल तर साखरेसारखी भुगा होते, म्हणजे दुसऱ्या गाडीची आणून कानस मारून बसवू, ही आपली नागपुरी आयडियाही बाद.

घरी आईला तुकडा दाखवला. तिने काठावरून अंगठा फिरवला, जसा ती दुकानात साडीवरून फिरवते. तिच्याकडे एक करवतकाठी आहे. अंग टसरचं, काठ सुती, करवतीच्या दात्यांसारखा. तो काठ मागून शिवलेला नाही; पोतासोबतच विणत आणलेला, प्रत्येक काठाला आपला वेगळा धोटा. म्हणजे आमच्या काचेसारखीच एकजीव वस्तू. मी हे मोठ्या कौतुकाने तिला सांगितलं.

"हो, पण साडीचं अंग आधी विरते," ती म्हणाली. "काठ नाही विरत. काठ काढून पोरींच्या झंपराला लावत होतो आम्ही. तुझ्या काचेचं तर उलटंच आहे."

खरंच उलटं होतं. काचेवर ओरखडा नाही, कोपऱ्यातली बारीक अक्षरंसुद्धा अजून वाचता येतात. काठोकाठचे ते काळे ठिपके, आत जाता जाता बारीक होत विरणारे, तेही कालच छापल्यासारखे. आणि काठ तेवढा म्हातारा.

नवी काच यायला पंधरा दिवस लागले. तोवर काळी चिकटपट्टी. काचवाल्याने जुनी काच भंगारात टाकायला मागितली. मी का कोण जाणे, घेऊन आलो.

मे महिन्यात गच्चीवर कुरडया पडल्या. खाली आईचं जुनं सुती लुगडं, वर झाकायला ओढणी. दुपारच्या गरम वाऱ्याने ओढणीचं एक टोक सारखं उडत होतं. आईने ती तिकोनी काच त्यावर ठेवली. नुसती काच घसरली असती. ही काठामुळे बसली.