जिप्समच्या शीटी, एक फॉर्म आणि माझे नऊ दिवस

पार्टिशनच्या कामाला हात लावायच्या आधीच एका फॉर्मने माझे नऊ दिवस खाल्ले. अजूनही वर्धा रोडने जाताना मिहानकडचा, म्हणजे विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या भागाकडचा, फाटा आला की डोकं तापतं.

मी नागपुरात फॉल्स सीलिंग आणि जिप्सम पार्टिशनची कामं घेतो. धरमपेठेतली दुकानं, मनीषनगरचे फ्लॅट, तिथे असले कागद कोणी मागत नाही. हे काम मिहानमधल्या ऑफिसचं होतं, तिसऱ्या मजल्यावर. वर्क ऑर्डर, गेट पास, कामगारांचा विमा, सगळं भराभर झालं. राहिलं होतं रिस्क असेसमेंट, म्हणजे कामातले धोके लिहून द्यायचा फॉर्म. त्यावर सेफ्टी ऑफिसरची सही नाही तर वर्क परमिट नाही, आणि परमिट नाही तर माल गेटच्या आत नाही.

मला वाटलं, त्यात काय एवढं. जुन्या एका साईटचा कागद काढला, नाव-तारीख बदलली आणि देऊन टाकला. प्रत्येक कामापुढे धोका लिहायचा, तो घडायची शक्यता 1 ते 5, इजा किती मोठी होईल ते 1 ते 5, मग गुणाकार. कटिंगवर मी भरभरून लिहिलं होतं: कटर, हातमोजे, चष्मा, मास्क. शीट उचलणं-ठेवणं यापुढे एकच ओळ, 2 गुणिले 2, चार. संपला विषय.

दोन दिवसांनी कागद परत. वर लाल पेनाने ‘अपूर्ण’. काय अपूर्ण, ते नाही. मी आकडे वाढवून पुन्हा दिला. पुन्हा ‘अपूर्ण’. इकडे मे महिना, पारा 45 च्या वर, पाच माणसं माझ्या गोडाऊनच्या सावलीत पत्ते कुटत बसलेली आणि त्यांचा रोज माझ्या खिशातून.

तिसऱ्यांदा मी स्वतः जाऊन बसलो. दीड तास बाहेर, मग आत. ऑफिसर म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीसचा पोरगा. तो मला काका म्हणे, मी त्याला सर. त्याने उचलण्याच्या ओळीवर गोल केला.

“काका, एक शीट किती किलोची?”

“असेल अठरा-वीस.”

“मोजली का?”

माझं डोकं सटकलं. बांधकाम कामगारांच्या 1998 च्या केंद्रीय नियमांत एका पुरुषाला 55 किलोपर्यंत वजन चालतं, हे मला पाठ होतं. ते मी ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, “नियम मलाही माहीत आहे. शीट किती मोठी आहे ते नियमात नाही.” आणि पुढची फाईल ओढली.

रागारागात घरी आलो. गोडाऊनमध्ये कोपरा फुटलेली एक शीट होती, सहा बाय चार फूट, साडेबारा एमएम जाडीची. म्हटलं, मोजूनच दाखवतो याला. पोराचा वजनकाटा अंगणात ठेवला, आधी एकटा उभा राहिलो: 74. मग शीट छातीशी धरून चढलो आणि आकडा बघायला मान खाली घातली, तर काटाच दिसेना. पाय दिसेनात. शीट हनुवटीपासून पोटऱ्यांपर्यंत. पोरगा ओरडला, “बाबा, 93!” म्हणजे 19 किलो. पण मी त्या किलोंचा विचारच करत नव्हतो. याच अवस्थेत माझी माणसं तीन मजले जिना चढणार होती.

दुसऱ्या दिवशी सदरमधल्या माझ्याच चालू साईटवर तासभर नुसता उभा राहिलो. एरवी मी तिथे मोबाईलवर बोलत असतो. वीस शीटी भिंतीला टेकवलेल्या होत्या, म्हणजे पावणेचारशे-चारशे किलो, आणि एक हेल्पर त्यांच्या पुढ्यात उकिडवा बसून चहा पीत होता. आमचा मिस्त्री म्हणाला, “भाऊ, जास्त उभ्या टेकवल्या तं लेकराच्या धक्क्यानंबी पडते थे. म्या दोनदा पाह्यलं.” मला कधी बोलला नव्हता. मी विचारलंही नव्हतं.

मग ती एक ओळ सोडून सहा ओळी लिहिल्या. शीट दोघांनीच न्यायची, उभी धरून, बाजूने चालत, म्हणजे पुढचं दिसतं. वळणावर पुढचा थांबून आवाज देणार. भिंतीला टेकवायच्या नाहीत. लाकडी बत्त्यांवर, म्हणजे जाड पट्ट्यांवर, आडव्या, आणि एका जागी सगळा ढीग नाही, कारण पन्नास शीटी म्हणजे जवळपास टन होतो आणि तो स्लॅबवर येतो. दुपारनंतर वावटळ सुटते, तेव्हा गाडीतून माल उतरवायचा नाही. वाऱ्यात शीट माणसालाच ओढून नेते. शक्यता 3, इजा 4, बारा. उपायांनंतर शक्यता 1.

कटिंगचंही एक राहिलंच. घाईत पोरं ग्राइंडर लावतात आणि खोली पांढरी होते. पट्टी धरून कटरने वरचा कागद चिरायचा, शीट मोडायची, मागचा कागद कापायचा, एवढ्यात काम होतं आणि धूळ नावाला. ब्लेड बोथट होऊ देऊ नका, जोर लावला की ते घसरून पट्टी धरलेल्या हातावर येतं. काढलेली ब्लेडं पाण्याच्या रिकाम्या बाटलीत टाका. खरी धूळ शीटींच्या जोडांवरची पुट्टी घासताना, तेव्हा मास्क हवाच, आणि नंतर कोरडा झाडू मारू नका. आणि हो, कागदावर सही व्हायच्या आधी माणसं बोलावून बसवून ठेवू नका. मी ठेवली.

नवव्या दिवशी सही झाली. पोरगा म्हणाला, “आता बरोबर आहे, काका.” पहिल्याच दिवशी कुठली ओळ ते सांगितलं असतं तर याच्या बापाचं काय गेलं असतं, हे मी मनात म्हटलं आणि तोंडाने थँक्यू सर.

रात्री तो कागद फाईलला लावताना पहिल्यांदा पूर्ण वाचला. चौथ्या ओळीत, जुन्या साईटवरून आलेली ‘वेल्डिंग’ तशीच होती. आमच्या कामात वेल्डिंग नाहीच. त्याच्याही पुढे त्याची सही.