पुस्तक १४ : आरशाने घात केला

यावेळचं पुस्तक म्हणजे परीकथेच्या वळणाची खुनाची रहस्यकथा. गुन्हेगार पान ९६ वरच पकडला, म्हणून रविवारी भलताच खुशीत होतो. मागच्या नोंदीत म्हणालोच होतो, संशयितांच्या यादीतून सख्ख्या आईला वगळू नका. ग्रिम बंधूंच्या १८१२च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठते ती सख्खी आई. तिची सावत्र आई झाली ती १८१९ला. लेखिकेने तोच धागा उचललाय असं वाटलं आणि वहीत लाल शाईने राणीचं नाव ठोकलं. बरोबर निघालं!

आनंद टिकला पान २३१पर्यंत. राणीचा सगळा बचाव जादूच्या आरशावर. ‘त्या रात्री ती महालाबाहेर पडलीच नाही,’ असं आरसा सांगतो, आणि तो खोटं बोलत नाही हे आपण धरूनच चालतो. २३१वर कथेतली चिमुरडी डिटेक्टिव्ह म्हणते, अमावास्येला बोलतो की! अहो, हे आधी कुठे सांगितलं होतं? तीन संध्याकाळी पानं मागेपुढे उलटली. स्वस्त स्टिकी नोट्स दोनदा काढल्या की गळून पडतात, त्यामुळे आरशाचे सगळे उल्लेख पुन्हा पहिल्यापासून शोधले. अमावास्येचा शब्द नाही.

इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सने १९२९ला रहस्यकथांसाठी घालून दिलेल्या दहा नियमांत अलौकिक शक्तींना सरळ बंदी आहे. परीकथेला तो नियम लावणं वेडेपणा, कबूल. पण मग जादूचे नियम तरी आधी सांगा. (गुप्त वाट एकच हवी, हेही नॉक्सचंच. इथे तीन आहेत. वकिली करणारा लांडगा आवडला म्हणून तेवढं माफ केलं.)

शेवटी पाचवीतल्या भाचीने पुस्तक ओढून घेतलं. “मामा, चंद्र बघ ना.” प्रत्येक प्रकरणाच्या आकड्याशेजारी नखाएवढा चंद्र छापलाय आणि तो झिजत जातो. खुनाच्या प्रकरणात नुसती गोल रेघ. मी दोन आठवडे त्याला नक्षी समजत होतो!

अर्धा गुण वाढवायला पेन उचललं आणि थांबलो. चंद्रावरून अमावास्या कळते, आरशाची खोड नाही कळत. आपली भोपळ्यातली म्हातारी घ्या. लेक तिला भोपळ्यात बसवते ती आपल्यादेखत. फसतो तो वाघ, ऐकणारा नाही. तरी ‘टुणूक टुणूक’ आलं की पोरं श्वास रोखतात. तेव्हा पाचपैकी अडीचच. वाईट नाही, पण लक्षात राहील तो चंद्र, कथा नाही.

दुसरा भाग मागवणार होतो, तो बेत रद्द. त्याऐवजी परीकथांचे अभ्यासक जॅक झाइप्स यांनी केलेलं ग्रिमच्या पहिल्या आवृत्तीचं इंग्रजी भाषांतर काढावं म्हणत होतो, पण भोपळ्याचं लिहितानाच दुसरं डोक्यात आलं. भिलारला पुस्तकांच्या गावात बालसाहित्याचं घर आहे. तिथे बसून आपल्या लोककथांची यादी करायची, जादू संकटाआधी सांगितलीय की नंतर. येत्या रविवारी निघतोय. भाचीही येतेय, चित्रं तपासायचं काम तिने आधीच स्वतःकडे घेतलंय.