आहेराचं पाकीट

रात्रीचे साडेअकरा. कातरणांची पिशवी उपडी करून जमिनीवर बसले आहे. सापडली एकदाची, मंजूच्या पत्रिकेची उरलेली पट्टी. तिच्यावर मुहूर्त आहे, कार्यालयाचा पत्ता आहे, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं'वाली चिल्लीपिल्लीसुद्धा आहेत. फक्त वधूवरांची नावं नाहीत. म्हणजे ती पाकिटात गेली. आतल्या बाजूला.

आणि पाकीट गेलं थेट मंजूच्या हातात.

अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन छान झालं. ८१ दिव्यांनी ओवाळताना ताईचा हात थरथरत होता, ते तर लिहायलाच हवं. पण आज नको. आहेर आणू नये असं छापूनही सगळ्यांनी आणला, त्यांनीही घेतला. जेवणं झाल्यावर मंजू वही घेऊन यादी करायला बसली. तिची पद्धत ठरलेली. पाकीट उघडायचं, नोटा काढायच्या, आत काही राहिलं नाही ना म्हणून फुंकर मारून डोकावायचं, मग रिकामं पाकीट पिशवीत. माझ्या पाकिटातही फुंकर मारली. डोकावली. जरा जास्तच वेळ डोकावली असं मला वाटलं. मग 'मावशी ५०१' लिहिलं आणि पाकीट पिशवीत न टाकता वहीखाली सरकवलं.

वाचलं असणार. की नसेल? हॉलमध्ये उजेड बेताचाच होता.

एरवी मी आत कोरा कागद चिकटवते. दरवर्षी करते ही पाकिटं. घरात येणारी पत्रिका टाकवत नाही. वरचा गणपती कापून वेगळा ठेवायचा, विसर्जनाला न्यायचा. उरलेल्या कागदावर जुन्या पाकिटाचा साचा ठेवून कापायचं. शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टीच्या कडेने रेघ ओढली की घडी सरळ पडते. चिकटवायला मैद्याची खळ, कसर लागू नये म्हणून चिमटीभर मोरचूद. हल्लीच्या चकचकीत पत्रिकांवर खळ धरत नाही आणि घडीवर सोनेरी वर्ख तडकतो. मंजूची तशी नव्हती. तिने हट्टाने पुण्याच्या हातकागद संस्थेतून कागद आणवला होता. १९४० सालची ती संस्था, सुती चिंध्यांपासून कागद करणारी. 'मावशी, चिंध्यांच्या कागदावर पत्रिका छापतेय' म्हणून २०२२ च्या दिवाळीत केवढी हसली होती.

तोच कागद मी परवा, टीव्ही बघत, उलटा करून कापला. नाव बघितलं नाही. इतक्या पत्रिका असतात, कुणाकुणाचं नाव बघायचं? आणि आतला कागद चिकटवायचा कंटाळा केला, कारण डोळे दुखत होते. हेही कुणी विचारणार नाही की माझे डोळे दुखतात का.

खरं सांगायचं तर मला रडू आलं गाडीत. कुणाला कौतुक नाही या पाकिटांचं. सूनबाई म्हणतात, 'आई, दुकानात डझनाने मिळतात.' मिळतात की. पण दुकानातलं देताना मला उगाच घाईघाईने दिल्यासारखं वाटतं. हाताने केलं की त्या माणसासाठी थोडा वेळ बसलो, एवढं तरी होतं. आणि इतकं बसून काय केलं, तर दीड वर्षापूर्वी जे मोडलं त्याची नावं तिच्या नाकासमोर धरली. तीसुद्धा आजोबांच्या समारंभात, जिथे आधीच प्रत्येक जण 'आता इकडेच का?' विचारत होता. मीही विचारलं होतं मागे एकदा. तेव्हा तिने दिलेलं उत्तर... असो.

ताईला फोन करावा? करून काय सांगू? तिला माहीत नसेल तर मीच सांगितल्यासारखं होईल.

मोबाईल वाजला. मंजू. इतक्या रात्री. पाकिटाचा फोटो, आतून उघडलेल्या. माझी खळ कोपऱ्यात जरा ओघळलेली दिसतेय, आणि मधोमध चि.सौ.कां.

खाली लिहिलंय: 'मावशी, ह्यातल्या दीडशे अजून आमच्या माळ्यावर पडून आहेत. आईला टाकवत नाहीत, मला बघवत नाहीत. नेतेस का?'

दहा मिनिटं झाली, उत्तर दिलेलं नाही. सॉरी लिहिलं, खोडलं. हसणारा चेहरा टाकला, तोही खोडला.

दीडशे म्हणजे दीडशे पाकिटं. पुढची पाच-सात वर्षं बघायला नको. आणि कागद खरंच उत्तम आहे, घडीवर अजिबात तडकत नाही.

तिला विचारते, रविवारी येऊ का. माळ्यावर मात्र तिलाच चढावं लागेल, माझे गुडघे नाहीत त्या कामाचे. आणि आत चिकटवायला कोरा कागद मी घेऊन जाईन.