व्हेनिसच्या भिंतींवरची वाकळ

आई तीन महिने आमच्याकडे पादोव्याला राहायला आली होती, तेव्हाची म्हणजे २०२२ च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. इथून व्हेनिस रेल्वेनं अर्ध्या तासावर. बिएनाले हे मोठं कलाप्रदर्शन तिथं चालू होतं आणि पोलंडच्या दालनाबद्दल मी बरंच ऐकलं होतं. आईला चित्रांचा कंटाळा. "तू बघून ये, मी बाकड्यावर बसते," असं वाटेत दोनदा म्हणून झालं होतं. पण 'पोलोनिया' अशी अक्षरं असलेल्या त्या इमारतीत शिरलो आणि ती माझ्या पुढं निघून गेली.

आतल्या भिंती वरपासून खालपर्यंत कापडानं मढवलेल्या. बारा महिन्यांचे बारा मोठे पट, सगळे जुने कपडे, पडदे, चादरी कापून, जोडून शिवलेले.

"अगं, ही तर वाकळ!" आई म्हणाली. आमच्या साताऱ्याकडं गोधडीला वाकळ म्हणतात. आजीच्या लुगड्यांची एक अजून माळ्यावर आहे.

हे काम माउगोझाता मिर्गा-तास हिचं. जन्म १९७८ चा, राहणार दक्षिण पोलंडमधल्या डोंगराळ भागातलं चार्ना गुरा हे गाव. ती रोमा आहे, म्हणजे युरोपभर पसरलेल्या, 'जिप्सी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समाजातली. इटलीत ज्यांना 'झिंगारी' म्हणून हिणवतात, ते हे लोक. बिएनाले १८९५ पासून भरतंय, पण एखाद्या देशाच्या दालनात त्या देशाच्या वतीनं रोमा कलाकार येण्याची ही पहिलीच वेळ.

पटांची मांडणी तिनं फेरारा शहरातल्या स्किफानोया महालातून घेतली. तिथल्या पंधराव्या शतकातल्या भित्तिचित्रांत वर देवांचे रथ, मधे राशी आणि खाली तिथल्या सरदाराचा दिनक्रम आहे. तिनं तीन पट्टे तसेच ठेवले, माणसं बदलली. मधे राशींच्या सोबत रोमा बाया आल्या, तिला मोलाच्या वाटणाऱ्या. खाली सरदाराच्या जागी तिच्या गावाकडचं आजचं जगणं आलं.

आणि सगळ्यात वर रोमांचा युरोपातला प्रवास. मी तिथंच जास्त वेळ थांबले. जाक कालो नावाच्या फ्रेंच चित्रकारानं सतराव्या शतकात रोमांच्या तांड्याची चित्रं कोरली होती. त्यातले रोमा फाटके, लबाड, कोंबड्या चोरणारे. तशीच प्रतिमा पुढं शतकानुशतकं छापली गेली. मिर्गा-तासनं कालोचीच माणसं उचलली, तीच घोडी, तीच पोरं, आणि त्यांना रंगीत, फुलाफुलांचे, धडके कपडे घातले. त्याच चित्राला दिलेलं इतकं नेमकं उत्तर मी दुसरीकडं पाहिलेलं नाही.

आई टाके बघत होती. चेहरे आणि हात रंगवलेले, पण अंगावरचे कपडे खरोखरच्या कापडाचे. मिर्गा-तासच्या घरच्यांचे, ओळखीतल्यांचे. आईनं एका घागऱ्याकडं बोट केलं. "हा पडदा होता बघ. वरची दांडीची दुमड तशीच ठेवलीय." मग जरा वेळानं, "येवढं एकटीनं शिवलं व्हय?"

नाही, गावाकडच्या बाया तिच्याबरोबर शिवायला होत्या, असं मी सांगितलं. आईनं मान हलवली.

परतताना गाडीत मी तिला रोमांच्या भाषेतले शब्द सांगितले. पाण्याला पानी, कानाला कान, माणसाला मनुष, सुईला सुव. सुव ऐकून ती हसली. हजारेक वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज भारतातून निघाले, हे भाषेवरून कळतं. पण म्हणून त्यांना 'आपली माणसं' म्हणत मिरवायची घाई मला नको वाटते. मिर्गा-तासचे लोक कित्येक पिढ्यांपासून त्या डोंगरात घरं करून राहिलेत. तिचं भांडण युरोपशी आहे आणि ते ती तिथंच मांडते. आपण आठवायचं असेल तर १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आठवावा. पारध्यांसारख्या कितीतरी जमातींवर जन्मतःच चोराचा शिक्का मारणारा तो कायदा १९५२ साली देशभर रद्द झाला. शिक्का मात्र अजून पुसलेला नाही.

मीही इथं आल्या आल्या काय शिकले? शेजाऱ्यांनी सांगितलं होतं, स्टेशनवर त्या बाया दिसल्या की पर्स जवळ धर. मी दोन वर्षं धरत होते. माझा हात आपोआप जायचा, हे मला त्या दालनात उभी असताना कळलं. फार वाईट वाटलं.

नंतर मिर्गा-तासबद्दल आणखी वाचलं. दुसऱ्या महायुद्धात मारल्या गेलेल्या रोमांसाठी तिनं २०११ मध्ये पोलंडमधल्या बोझेंचिनजवळ लाकडी स्मारक उभारलं होतं. २०१६ मध्ये कुणीतरी ते तोडून टाकलं. ते पुन्हा उभारलं गेलं. आईला फोनवर हे सांगितलं, तर तिनं तारीख नाही विचारली, कुणी तोडलं तेही नाही. "आता नीट आहे ना?" एवढंच विचारलं.