माटोळीची लेन्स

आमच्या घरात माझ्या त्या लेन्सला कुणी अठ्ठावीस एमएम म्हणत नाही. माटोळीची लेन्स म्हणतात. डिचोलीच्या जुन्या घरातली गणपतीची खोली जेमतेम दहा बाय नऊची. चवथीला छताला माटोळी, म्हणजे फळं-भाज्या टांगायची लाकडी चौकट, बांधली की खाली मूर्ती, वर नारळांची पेंड, सुपारीचे कातरे, तोरिंजन, चिबूड, केळ्यांचा घड, आणि या दोहोंच्या मधे माणसाने वाकून जावं एवढीच जागा. माझ्याकडे तेव्हा पन्नासची लेन्स होती. तिच्यात एकतर गणपती यायचा, नाहीतर चिबूड. भिंतीला पाठ लावून, एक पाय स्वयंपाकघरात टाकूनही दोघं एका फोटोत काही येईनात. शेवटी एका चवथीच्या आधी ही छोटी, जास्त रुंद दृश्य घेणारी लेन्स घेतली. दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर वजन, मुठीत उंडो, आमचा गोल पाव, धरावा तशी धरता येते. तेव्हापासून ती वर्षातून एकदा बाहेर निघे आणि विसर्जन झालं की कपाटात जाई.

यंदा माझा उजवा खांदा आखडला. पाच-सहा किलोची ती कॅमेऱ्याची बॅग काही दिवस विसरा, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून चवथीनंतर दोन दिवस ताईकडे पणजीला निघालो तेव्हा कॅमेऱ्याला ही एकच लेन्स लावली आणि तो कापडी पिशवीत टॉवेलात गुंडाळून कदंबच्या बसमध्ये बसलो.

ताई मळ्यात राहते. पर्यटक ज्याला फोंतेन्यास म्हणतात त्याला अगदी लागून. तिने दार उघडलं आणि पिशवीत डोकावून विचारलं, “डिचोलीहून पणजीला फोटो काढायला? लोक लंडनहून येतात रे.” भाच्याने तर त्याहून वर केलं. लेन्सवरचा आकडा वाचून म्हणाला, “मामा, माझ्या मोबाइलचा कॅमेरा याच्याहून रुंद आहे.” खरं आहे ते. आकडा जितका लहान तितकी लेन्स रुंद, आणि हल्लीच्या बहुतेक फोनांचा मुख्य कॅमेरा चोवीस-सव्वीसच्या आसपास असतो. म्हणजे मी जे पैसे मोजून घेतलं ते प्रत्येकाच्या खिशात आधीपासून होतंच. यावर उत्तर नसल्यामुळे मी चहा प्यालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकला आणि तसाच खाली धावलो. सायकल, मागे मोठी टोपली, टोपलीवर निळं प्लास्टिक, समोर पिवळी भिंत. रस्त्याच्या या बाजूने टिपला. स्क्रीनवर बघतो तर भिंतच भिंत, वर तारांचं जाळं, खाली चार स्कूटर, आणि त्यात कुठेतरी मुंगीएवढा पोदेर. रुंद लेन्सचं हे असंच असतं. दूर उभं राहाल तर ती सगळं गाव जमवते आणि ज्याच्यासाठी आलात त्याला मागच्या रांगेत बसवते. तो हवा असेल तर जवळ जायचं. किती जवळ? तर मीटरभर. म्हणजे त्याने “उंडे जाय?” विचारावं इतकं. त्याने विचारलंच. सहा घेतले. मग त्याने टोपलीवरचं प्लास्टिक उचललं तेव्हाचा एक फोटो बरा आला, फक्त सायकलचं हँडल म्हशीच्या शिंगासारखं पुढे आलंय.

एक सोय मात्र या लेन्सची मोठी. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर एफ/८ ठेवून, म्हणजे लेन्सचं छिद्र बऱ्यापैकी बारीक करून, फोकस सव्वातीन मीटरवर बांधून टाकला की साधारण पावणेदोन मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. मग फोकसची भानगडच नाही. कॅमेरा उचला, दाबा. जुने लोक असंच करायचे. लेन्सवर अंतराचे आकडे असायचे ते काही शोभेला नव्हेत.

घरांशी मात्र भांडण झालं. गल्ली असेल चार मीटरची. समोरच्या भिंतीला पाठ टेकवून कॅमेरा उभा आणि सरळ धरला तर चौकटीत पाच मीटर उंची मावते. त्यातलं मीटरभर रस्ता खातो. उरतात चार. दुमजली घराचं छप्पर, कौलं, कौलांवरचा मातीचा कोंबडा, सगळं त्याच्या वर. मग हात आपोआप कॅमेरा वर वळवतो आणि घर मागे कलतं, जेवून आरामखुर्चीत रेलल्यासारखं. चर्च स्क्वेअरला तेच. निष्कलंक मातेचं ते पांढरं चर्च, १५४१ साली तिथे आधी छोटं कपेल होतं, आजचं रूप १६१९ चं. त्याच्या त्या नागमोडी पायऱ्यांच्या तळाशी उभं राहून वर कॅमेरा रोखला की चारशे वर्षं सरळ उभं असलेलं चर्च एका क्षणात मागे पडायला लागतं. जुन्या गोव्याच्या ऑगस्टिनियन मठातून आणलेली त्याची भली मोठी घंटा तर माझ्या फोटोत खोबऱ्याच्या वाटीएवढी. उपाय एकच: कॅमेरा सरळ ठेवायचा, लांब जायचं, आणि खालचा जो फुकटचा रस्ता येतो त्यात काहीतरी शोधायचं. मला पावसाचं डबकं मिळालं. त्यात चर्चचा उरलेला भाग होता.

जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. कांदोळीत १७५६ साली जन्मलेला हा माणूस पॅरिसमध्ये संमोहनविद्या शिकवत होता. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ मध्ये केलेला हा पुतळा: समोर कलंडलेली बाई आणि तिच्यावर हात पसरून उभा आबे. बाजूने काढला तर दोघांचं नाटक दिसतं. चौथऱ्याला खेटून खालून काढला तर हात लांबतात, बोटं जवळ येतात, आणि बाईला सोडून तो आपल्यालाच झोपवायला निघालाय असं वाटतं. या एका ठिकाणी लेन्सचं वाकडं वागणं मला चाललं. किंबहुना शिल्पकाराला ते माहीत असावं अशी शंका आली.

संध्याकाळी बेतीची फेरीबोट धरली. पायी माणसाला तिकीट नाही, त्यामुळे मी चार फेऱ्या मारल्या. मांडवीच्या पाण्यावर आभाळ केवढं मोठं असतं ते या लेन्सनेच दाखवलं. आणि तिने माझ्यावर आणखी एक उपकार केला. नदीत नांगरलेल्या त्या कॅसिनोच्या बोटी, ज्या डोळ्याला नको तितक्या भरतात, त्या काडेपेट्यांएवढ्या झाल्या.

पण ज्यासाठी हे लिहायला बसलो ते तिसऱ्या दिवशी सकाळी घडलं. फोंतेन्यासच्या आतल्या गल्ल्यांत अलीकडे घरांवर पाट्या दिसतात, फोटो काढू नका म्हणून. रागावण्यासारखंच आहे ते. सकाळी दार उघडावं तर पायरीवर कोणीतरी लग्नाआधीचं शूट करतंय. दोनशेची झूम असती तर मी कोपऱ्यावरून कुणाच्याही खिडकीतला पडदा मोजला असता आणि कुणाला कळलंही नसतं. या लेन्सने ते जमत नाही. खिडकी हवी तर खिडकीखाली जाऊन उभं राहावं लागतं, आणि खिडकीत कोणीतरी असतंच.

होती. पंचाहत्तरीची बाई, झगा घातलेली, हातात शेंगांचं सुपडं. खिडकीला काचेच्या जागी शिंपल्यांच्या चकत्या बसवलेल्या, तसल्या आता फार उरल्या नाहीत. मी कॅमेरा खाली करून विचारलं, काढू का? तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, कुठला, कोणाचा, विचारलं. ताईचं घर सांगितल्यावर चेहरा सैल झाला. “राव,” म्हणाली, म्हणजे थांब, आणि आत गेली. दहा मिनिटांनी केस विंचरून, कानांत सोन्याच्या कुड्या घालून आली. तोवर ऊन भिंतीवरून उतरलं होतं. म्हटलं, असो.

आता नवीन संकट. रुंद लेन्समध्ये चेहरा कडेला गेला की ताणला जातो, कपाळ एकीकडे आणि हनुवटी दुसरीकडे. म्हणून बाई मधोमध हवी. ती मधोमध आली की डावीकडे विजेचा मीटर येतो. तिने ते माझ्याआधी ओळखलं.

“तो मीटर येता कामा नये. घाणेरडा दिसतो.”

“थोडी उजवीकडे सरकता?”

“खिडकी सरकत नाही.”

मी सरकलो. मग पुतण्याची स्कूटर यायला लागली. तिने वरूनच हाक मारून पुतण्याला खाली बोलावलं, त्याने डोळे चोळत स्कूटर हलवली. मी पुन्हा जागेवर आलो, मीटर पुन्हा आला. शेवटी मीच म्हटलं, काळजी करू नका, घरी गेल्यावर कापून टाकतो. या वचनावर ती खिडकीच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि अशी काही गंभीर झाली की जणू पासपोर्टचाच फोटो. सहा काढले. शेवटच्या वेळी मीटरखालच्या पायरीवर एक करडं मांजर येऊन बसलं, तेवढं डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं.

डिचोलीला आल्यावर फोटो बघितले. शेवटचाच चांगला होता. मांजर आलं तेव्हा बाईच्या तोंडावरचा पासपोर्ट जरा विरघळला होता. वचनाप्रमाणे डावा तिसरा हिस्सा कापला, मोठा प्रिंट काढला, पाकिटात घालून ताईकडे पाठवला.

चार दिवसांनी ताईचा फोन. “दिला रे फोटो. चष्मा लावून बघितला त्यांनी, मग माझ्याकडे बघून विचारलं, मांजर कुठे गेलं?”

मांजर मीटरबरोबर गेलं होतं.

“मग मी काय सांगायचं होतं?” ताई म्हणाली. “शेजारच्या ओसरीवरही दाखवून आल्या त्या. पण दर वेळी त्या कडेवर बोट ठेवून सांगत होत्या, इथे माझं मांजर होतं.”

काल पूर्ण फोटो परत छापायला टाकलाय, मीटरसकट.