बापाची पाळी

स्टॉकहोममध्ये कामाच्या दिवशी भर सकाळी बागेत बाबागाड्या ढकलणारे पुरुष पाहिले, की बडोद्याहून आलेला पाहुणा हमखास विचारतो, "ह्यांना नोकऱ्या नाहीत का?" नोकऱ्या आहेत, ते रजेवर आहेत. स्वीडनमध्ये प्रत्येक मुलामागे आईवडिलांना मिळून ४८० दिवसांची रजा मिळते आणि त्यांपैकी ३९० दिवस ठरावीक मर्यादेत पगाराच्या सुमारे ८० टक्के रक्कम सामाजिक विम्यातून दिली जाते. १९७४ साली ही रजा वडिलांना खुली झाली, तरी कैक वर्षे ती बहुतेक आयाच घेत. मग १९९५ साली एक महिना प्रत्येक पालकासाठी राखून ठेवला गेला, जो त्याने स्वतः न घेतल्यास बुडतो. आज असे राखीव दिवस प्रत्येकी ९० आहेत. बुडणारी रजा कोण सोडतो? तरीही एकूण दिवसांपैकी पुरुषांच्या वाट्याला सुमारे ३० टक्केच येतात, तेव्हा येथे सारे आलबेल आहे असे कोणी समजू नये.

बडोद्याच्या मराठी घरांना बापाची पाळी काय असते हे सांगायला नको. १९६५ साली शहराजवळच्या कोयलीची रिफायनरी सुरू झाली, आसपास खतांचे आणि पेट्रोरसायनांचे कारखाने उभे राहिले आणि कित्येक घरांचे वेळापत्रक शिफ्टवर ठरू लागले. माझे बाबाही अशाच एका कारखान्यात होते. रात्रपाळी करून आले की खिडकीला जाड चादर लावून झोपत, आणि त्यांची झोपमोड नको म्हणून आई कुकरसुद्धा लावत नसे. दुसरी पाळी असली, की आम्ही शाळेतून येण्याआधी ते बसला गेलेले असत आणि ते परतेपर्यंत आम्ही झोपलेले. प्रगतिपुस्तकावर सही मात्र सकाळी झालेली असे. त्या पिढीच्या बापांना आपण उगाच कडक म्हणतो, असे माझे मत आहे. ज्याला मूल जागेपणी एवढेच भेटते, तो तेवढ्या वेळात पाढेच विचारणार!

येथे स्वीडनमध्ये माझ्या मुलीला ताप आला, तर मी सकाळी कार्यालयात कळवून घरी थांबतो आणि त्या दिवसाचा भत्ताही मिळतो. त्यामुळे तापाच्या औषधाचे माप मला पाठ आहे, आणि रात्री जाग आल्यावर ती आईलाच हाक मारते असे नाही.

भारतात केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे; खासगी नोकरीत सारे मालकाच्या मर्जीवर. बडोद्यात माझ्या धाकट्या भावाला मुलगा झाला, तेव्हा शिल्लक रजेतले मोजके दिवस संपताच तो कामावर हजर झाला आणि बारसे रविवारी ठेवावे लागले.